हुकावर कोरलेलं वजन

मित्रांनो, हॉस्पिटलमधून घाईत लिहितोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

निघालेलो घोडबंदरचा किल्ला बघायला. वाटेत उत्तनचा मित्र ऑल्विन भेटला. त्याच्या काकांची होडी रंगवायला चाललेली. किल्ला राहिला, मी काकांच्या जीपमध्ये बसलो.

जीपमागे हुकाला अडकवलेली ट्रॉली, ट्रॉलीवर होडी, होडीत इंजिन, नांगर आणि ओली जाळी. ऑल्विन बाइकवर मागे, होडीवर नजर ठेवायला. इथे असंच नेतात.

"काका, हूक एवढं धरेल?"

"जीप डोंगर ओढंल. काय व्हत न्हाय, बस गप."

चढावर हूक तुटला. ट्रॉली उलटी धावली आणि तिने ऑल्विनला रस्त्याकडेच्या कुंपणाच्या भिंतीवर चिरडलं. मांडीचं हाड बाहेर आलं होतं. काका होडीला लाथा मारत सुटले, मग स्वतःच्याच थोबाडीत.

ऑल्विन ऑपरेशनमध्ये आहे. पाय राहील का, डॉक्टर सांगत नाहीत.

काका तुटका हूक मांडीवर घेऊन बाकावर बसलेत. त्यावर कोरलंय, साडेसातशे किलो. नुसती होडीच तेवढी असेल.

"जाळ्याचं वजन हिशोबात कोन धरतं रं?" एवढंच म्हणतायत.

तुमच्या गाडीच्या हुकावर काय लिहिलंय, कधी वाकून वाचलंत?