गाळावर उतरलेलं यान

चंद्र गुरुजी काठीने ठोकून पाहिल्याशिवाय कुठेही पाऊल टाकत नसत. शेताच्या बांधावर एक वेळ ठीक. पण शाळेच्या फरसबंद ओसरीवरही आधी काठी, मग पाय. मी पौडला नवी शिक्षिका म्हणून आले तेव्हा मला हसू फुटलं होतं. मुलं मात्र हसत नसत. त्यांना घरून ताकीद होती.

कारण मला म्हशी राखणाऱ्या सखारामने सांगितलं. "धरण भरलं तवा गुरुजींचं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं, तसं दोगं भाऊ घर बगाया गेलं. धाकटा दिनू फुडं पळाला. ह्यांनी चपलेचा अंगठा नीट केला न् मान वर केली, तर दिनू न्हाई. नुसता गाळ. पोरगं वरडलं बी न्हाई." जागा कधीच सापडली नाही. आईने शेवटपर्यंत दिनूचं श्राद्ध घालू दिलं नाही.

गावाने ज्यावरून 'चंद्र गुरुजी' हे नाव पाडलं, ते चंद्राचं वेड गुरुजींना वर्तमानपत्रांनी लावलं. तिकडे परदेशात चंद्रावर बिनमाणसाचं यान उतरवायची तयारी चालली होती. पण तिथली जमीन टणक, की यान गिळून टाकेल इतकी खोल धूळ, यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नव्हतं. गुरुजींची झोप उडाली. "यंत्राला भीती नसते, बाई," ते मला म्हणायचे, "म्हणून त्याच्या वाटणीचं आपण आधी भिऊन घ्यायचं."

त्यांनी स्वतः एक यान केलं. रॉकेलचा डबा, सायकलच्या नळ्यांचे तीन पाय, पायांना पितळी ताटल्या. मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरलं, तेव्हा एका दुपारी गुरुजी, सखाराम आणि मी ते घेऊन गाळावर गेलो. कोरडा, पांढरा, भेगाळलेला गाळ दूरवर पसरला होता. पाखरू नाही, वारा नाही. बोललेलं तोंडापुढेच विरून जात होतं.

तीन बांबू वर एकत्र बांधून केलेल्या तिकाटण्यावरून दोराने यान खाली सोडायचं आणि पाय किती रुतले ते मी वहीत लिहायचं. दोन ठिकाणी ते दोन बोटं रुतून उभं राहिलं. गुरुजी आणखी आत सरकले.

"गुरुजी, फुडं नगा जाऊ," सखाराम म्हणाला. "हितं म्हस बी पाय टाकीत न्हाई."

गुरुजींनी तरीही यान सोडलं. ते उभं राहिलं. मी आकडा लिहायला वाकले आणि वर पाहिलं, तर यान नव्हतं. आवाज झाला नाही. दोर मात्र त्यांच्या हातातून सरसर खाली जात होता. दहा हात, पंधरा हात. मग थांबला.

गुरुजी पोटावर झोपून त्या काळ्या भोकाशी सरपटत गेले. सखारामने त्यांचे पाय धरले.

"विहीर आहे," ते कडेचे चिरे चाचपत म्हणाले. "आमच्या परसातली." मग अगदी हळू, घरात हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली, "दिनू?"

उत्तर आलं नाही. पण दोर दोनदा हलला. सखारामने पाहिलं, मीही पाहिलं.

"वढू का वर?" सखारामने विचारलं.

"नको. राहू दे त्याच्याजवळ." गुरुजींनी मूठ सोडली. दोराचं टोक गाळावरून सरकत गेलं आणि आत नाहीसं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धरणाच्या काठी भावाचे विधी केले. पिंडाला कावळा लगेच शिवला.

पुढच्या वर्षी बातमी आली. यान चंद्रावर उतरलं होतं, आणि रुतलं नव्हतं. गुरुजींनी ती सातवीच्या वर्गात उभ्याने वाचली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी दारातच उभी होते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले,

"टिकणारच, बाई. तिथं खाली कुणाचं घर नाही."