सोपानचा "मग?"

सोपान आज पहाटे गेला.

आणि टीव्हीवरची त्याची जागा मी खाल्ली होती, हे मी पन्नास वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

आज नाही सांगितलं तर घास उतरायचा नाही.

काष्टीच्या जत्रेत आम्ही दोघं बतावणी करायचो. मी थापा हाणायचो. सोपान एकच शब्द बोलायचा.

"मी बाजारात बैल घेतला."
"मग?"
"बैलानंच मला घरी आणलं."
"मग?"
"बायकोनं बैलाला घरात घेतलं अन् मला दावणीला बांधलं!"

टाळ्या मला पडायच्या. मला वाटायचं, कमाल माझीच.

तेव्हा मुंबईत टीव्ही नवा नवा आला होता. आमच्याकडं तो दिसतही नव्हता. तिथल्या एका साहेबांनी आम्हाला जत्रेत पाहिलं. त्यांचा विनोदी प्रोग्राम होता. छोटी छोटी प्रहसनं, आणि ती जोडून घ्यायला दर खेपेला एक पाहुणा सूत्रधार. या खेपेला आम्ही दोघं.

एसटीत बसताना वडील म्हणाले, "नाक कापून येऊ नगंस. मुंबैच्या गिरनीतली आपल्या गावची समदी पोरं बघनार हायेत."



स्टुडिओत साहेबांनी आमची एक तालीम बघितली आणि म्हणाले, "एकच माणूस पुरे. हे 'मग, मग' कशाला? वेळ जातो."

सोपान माझ्याकडं बघत होता.

मी म्हणालो, "बरं साहेब."

त्यानं गुपचूप माझी पिशवी उचलली आणि भिंतीला जाऊन उभा राहिला.

प्रोग्राम लाईव्ह. चुकलं तर पुन्हा नाही. स्टुडिओत कुणी हसायचं नाही, खोकायचं नाही, अशी ताकीद.

लाल दिवा लागला.

"रामराम मंडळी! मी काल बाजारात बैल घेतला."

शांतता.

जत्रेत इथं "मग?" यायचा. माझं पुढचं वाक्य त्यालाच बांधलेलं. तो आला नाही आणि मला पुढचं काही आठवेना.

काचेमागून साहेब हातवारे करत होते. मला गिरणीतली पोरं दिसायला लागली. वडील दिसायला लागले. संपलं सगळं, असं वाटलं.

तेवढ्यात कॅमेऱ्याशेजारी काहीतरी हललं.

सोपान. अनवाणी. आवाज नको म्हणून वहाणा भिंतीपाशी काढून आलेला.

त्यानं भुवया उडवल्या आणि नुसते ओठ हलवले.

मग?

"बैलानंच मला घरी आणलं," मी म्हणालो.

अर्धा तास तो तसाच उभा होता. दर वाक्याला ओठ हलवायचा. हसू आलं की उपरण्याचा बोळा तोंडात कोंबायचा.

पुढं गिरणीतल्या पोरांचं पत्र आलं. "झकास झालं. पण तू सारका बाजूला कुनाकडं बघत हुतास?"

मी उलट लिहिलं, दिवे डोळ्यावर येत होते. तिथंही त्याचं नाव घेतलं नाही.

परतताना एसटीत मी विचारलं होतं, "सोपान्या, राग न्हाई आला?"

"आला की. लई आला."

त्यानं मांडीवरची माझी पिशवी नीट केली.

"पन तू थांबलास की माज्या तोंडात येतंच ते. काय करू?"

पुन्हा कधी त्यानं विषय काढला नाही. त्यानंतरही आम्ही कितीतरी जत्रा केल्या.

आज दुपारी स्मशानात सगळे म्हणाले, तात्या, तुम्ही दोन शब्द बोला.

मी उभा राहिलो. "सोपान माझा जोडीदार होता."

आणि थांबलो. बाजूला बघितलं.

लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला.

मी वाट बघत होतो.

सोपाना, "आमी दोघंबी करनार साहेब" एवढंच म्हणायचं होतं रे मला. जमलं नाही. माफ कर.

नीट जा.

आता तू बोल. "मग?" मी म्हणतो.