सूपभर कोंडा

पंचशीला बी.ए. झालेली. मुरुडच्या त्या गल्लीत एवढं शिकलेली दुसरी सून नव्हती. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं शेजारच्या केवळाबाईला तोंडावर सांगितलं होतं, "काकू, दृष्ट, उतारा असलं काही आमच्याकडं आणू नका. आम्ही ते सोडलंय."

केवळाबाई हसली होती. "सोडा बापा. सुटलं तर बरंच हाय."

तीच पंचशीला भर दुपारी, सासू विहाराकडं गेलेली बघून, महिन्याच्या लेकीला पदराखाली घेऊन केवळाबाईच्या परसात शिरली. काखेत सूप, सुपात गव्हाचा कोंडा.

केवळाबाई शेण थापत होती. तिनं सूप बघितलं आणि सगळं ओळखलं. आधीचं मूल गेलेलं असलं, की नंतरचं उकिरड्यावर ठेवायचं. दुसरीनं उचलायचं. मग आईनं कोंडा देऊन विकत घ्यायचं. फुकाचं म्हणून टाकलेलं पोर दैवाच्या डोळ्यात भरत नाही.

"तू?" केवळाबाई म्हणाली. "अगं, तू तर कालिजातली!"

"कुणाला सांगू नका, काकू."

आधीचं मूल गेलं त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हा लातूर जिल्हा नुकता झाला होता. नवरा नरसिंग नव्या कचेरीत कारकून, रोज एस.टी.नं ये-जा करी. जिल्हा आला, पाऊस काही आला नाही. टँकर येऊन आडात रिकामा व्हायचा आणि सगळी गल्ली पोहरे घेऊन धावायची. सासू नागुबाईनं शेंदायचं, दिवस भरत आलेल्या पंचशीलानं लिंबाखाली घागरींचा नंबर धरून बसायचं. उठलं की मागची बाई घागर सरकवून पुढं जाई.

त्या दिवशी सकाळपासून पोटात काही हललं नव्हतं. नागुबाईनं आडावरूनच विचारलं, "हलतंय न्हवं गं?"

पुढं दोनच घागरी होत्या.

"हाव, आत्या," पंचशीला म्हणाली.

पाणी मिळालं. रांजण गळ्यापर्यंत भरला. दवाखान्यात गेल्या त्या दुसऱ्या दिवशी. मुलगा होता, सगळा पुरा, केसांसकट. तुम्ही आधी आला असतात तरी हाती लागला असता असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पंचशीलाला त्यातलं 'असं नाही' ऐकूच आलं नाही. घरी आल्यावर तिला न्हाऊ घातलं ते त्याच रांजणातल्या पाण्यानं. तिसऱ्या दिवशी दूध आलं. नागुबाईनं तिची छाती लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधली. कुणी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आता तिनं लेकीला उकिरड्याच्या कडेला, वाळल्या पाचोळ्यावर ठेवलं. केवळाबाईनं हात पुसून पोर उचललं.

"घे. टाक कोंडा अन् म्हण, माझी दे."

पंचशीलानं सूप पुढं केलं. एकाला सांभाळलं नाही, आता कोणत्या तोंडानं माझी म्हणायचं?

"म्हण की! न्हाईतर मी ठिवून घेते. सहा हायेत, सातवी जड न्हाई."

"ठेवा," पंचशीला पुटपुटली. "तुमच्याकडं जगेल."

"काय चाललंय?" मागं नागुबाई उभी होती. विहाराला कुलूप होतं म्हणून परतलेली. सूप, उकिरडा, पोर. तिचा चेहरा तापला. "ह्याच्यासाठी शिकवलं का तुझ्या बापानं?"

"आत्या, मी खोटं बोलले होते," पंचशीला एकदम म्हणाली. "आडावर. हलत नव्हतं."

नागुबाई खालीच बसली.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "तुझा हात पोटावर दाबलेला होता. तोंड उतरलेलं. पर मी म्हणलं, हाव म्हणती न्हवं, दोन घागरी होऊ दे." तिनं डोळ्याला पदर लावला. "मलाबी पाणी पाहिजे होतं, बाई."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. तेवढ्यात पोरगी रडायला लागली, भुकेनं, तांबडीलाल होऊन. पंचशीलाचं दूध चोळीतून उतरलं. तिनं सूप खाली टाकलं आणि केवळाबाईच्या हातातून पोर ओढूनच घेतलं.

"अगं, कोंडा!" केवळाबाई ओरडली. "सौदा झाला न्हाई!"

तोवर सांडलेल्या कोंड्यावर कोंबड्या जमल्या होत्या.

विहारात नाव ठेवलं विशाखा. केवळाबाई मात्र तिला कोंडाबाईच म्हणते. येता-जाता विचारते, "माझी लेक जेवली का?" पंचशीला हसते आणि म्हणते, "जेवली." मग घरात जाऊन लेकीच्या पोटावर हात ठेवून बघते. केवळाबाईनं दुसऱ्यांदा विचारलं, की नागुबाईपण उठून बघून येते.