लेबर रूम, चोवीस तास, मोफत

माझ्या ब्लॉगवर आतापर्यंत किल्ले आहेत, समुद्रकिनारे आहेत, केरळची एक फसलेली सहल आहे. सरकारी दवाखाना पहिल्यांदाच येतोय. झालं असं, की कोकणात जायचं ठरलं होतं, गाडीत चौघं बसणार होतो आणि त्यातल्या तिघांना ऐन वेळी ओव्हरटाइम लागला. काळेवाडीच्या घरात भरलेल्या बॅगेकडे बघत मी चरफडत बसलो होतो, तेवढ्यात सुमनताईचा फोन आला.

सुमनताई माझी मावसबहीण. चाकणच्या पुढे एका गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथे ती नर्स आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिला अजून तिथे नोकरी करायची आहे.

"कॅमेरा घेऊन ये," ती म्हणाली. "उद्या आमची गुणवत्ता मानांकनाची तपासणी आहे. प्रत्येक गोष्टीचा फोटो लागतो."

"प्रत्येक म्हणजे?"

"झाडूचासुद्धा." मग तिचा आवाज उतरला. "मागच्या खेपेला आम्ही नापास झालो. या वेळी झालो तर इथली बाळंतपणं बंद करून सगळ्या बायकांना शहरात पाठवायचं म्हणतायत. तळेगाव चौकातून, अरे."

तळेगाव चौक म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी प्रवासमाहिती. काळेवाडीहून निघालात तर पहिल्या शिफ्टच्या कंपनी बस सुटायच्या आत नाशिक फाटा ओलांडा. भोसरीत थांबू नका. मोशीत मिसळ खा, पण तर्री सांभाळून, कारण पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडला की स्वच्छतागृह शोधणं हाच प्रवास होतो. चाकणच्या अलीकडे कांद्याचा वास यायला लागतो आणि मग तळेगाव चौक येतो. येतो म्हणजे दिसतो, तिथे पोचता येत नाही. माझ्या एका बाजूला नव्याकोऱ्या गाड्या लादलेला कंटेनर होता आणि दुसऱ्या बाजूला कांद्याचा ट्रक. आम्ही इतका वेळ शेजारी होतो, की ट्रकवाल्याने खाली उतरून चहा आणला आणि मलाही पाजला. याच चौकात एक बाई रिक्षात बाळंत झाली होती. बाळ वाचलं नाही. ती ताईकडे नाव नोंदवलेली बाई होती, पण त्या दिवशी केंद्रात पाणी नव्हतं म्हणून तिला पुढे पाठवलं होतं. ताईने मला हे एकदाच सांगितलंय.

केंद्राला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मी इतकी स्वच्छ सरकारी इमारत आयुष्यात पाहिलेली नाही आणि मला ती जरा भीतीदायकच वाटली. हात धुण्याच्या सहा पायऱ्यांची चित्रं प्रत्येक नळावर होती. मागे म्हशी पाणी पितात त्या हौदावरसुद्धा होती. मी वाटेत घेतलेलं केळं खाल्लं आणि साल टाकायला डबा शोधू लागलो, तर शिपाई बबनमामा धावत आले.

"पिवळ्यात न्हाई, त्यो रक्ताच्या कापसाचा. लाल पलास्टिकचा. निळा काचंचा."

"मग हिरव्यात टाकू का?"

"हिरवा बराबर हाय. पर आत्ताच घासलाय. उद्या तपासणी झाल्याव टाका."

मी साल कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवली.

ताईने मला लेबर रूम दाखवायला नेलं, म्हणजे तिच्या दारापर्यंत नेलं. दाराला कुलूप होतं. काचेतून आत पाहिलं तर टेबल, दिवा, बाळाला ऊब देणारं यंत्र, सगळं शोकेसमध्ये मांडल्यासारखं लखलखत होतं.

"उघड की, फोटो काढू."

"किल्ली डॉक्टरांकडे आहे. तपासणी होईपर्यंत खोली वापरायची नाही, खराब होते."

"मग बायका?"

"शहरात पाठवतोय." ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. "खोली बंद पडू नये म्हणून बंद ठेवलीय."

मला हसू आलं आणि तिचा चेहरा पाहून ते गिळावं लागलं. डॉक्टर भला माणूस होता, तरुण, या तपासणीने पार अर्धा झालेला. तो मला कौतुकाने रस्त्यावर घेऊन गेला, नवा बोर्ड दाखवायला. हमरस्त्यावर दिशादर्शक फलक हवा, असा नियम असतो. चाकणमधल्या एका पेंटरने तो रंगवला होता, जो एरवी कंपन्यांचे बोर्ड करतो.

"प्रसूती कक्ष लिहायचं होतं," डॉक्टर म्हणाला. "पण मी म्हटलं, लोकांच्या तोंडात आहे तेच लिहा."

बोर्डावर ठसठशीत अक्षरांत होतं: लेबर रूम. २४ तास सुरू. संपूर्ण मोफत. स्वतंत्र संडास-बाथरूम. जेवणाची सोय. खाली बाण.

मी चाकणच्या पट्ट्यात वाढलेला माणूस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मीही बोर्डाचा छान फोटो काढला आणि ताईच्या क्वार्टरवर पिठलं-भाकरी खाऊन झोपलो.

सकाळी गलका ऐकून बाहेर आलो. फाटकाशी माणसं उभी होती. त्यांच्याकडे वळकट्या होत्या, पत्र्याच्या पेट्या होत्या, एकाच्या खांद्यावर शेगडी आणि एकाच्या हातात टेबल फॅन होता. बबनमामा फाटक धरून ओरडत होते.

"ही लेबर रूम बायांची हाय!"

"मंग गड्यांची कुठंय?" शेगडीवाल्याने विचारलं.

"गड्यांना नसती!"

"असं कसं मामा? लेबर काय निस्त्या बायाच असत्यात का?"

एक ठेकेदार तर आपल्या कामगारांची यादीच घेऊन आला होता आणि एका खोलीत किती जण बसतात ते विचारत होता. डॉक्टर आला, त्याने गर्दी पाहिली, बोर्ड आठवला आणि डोक्याला हात लावला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तपासणीच्या मॅडम चाकणात पोचल्या होत्या आणि तळेगाव चौकात अडकल्या होत्या.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"चौक आहे," डॉक्टर म्हणाला. त्या परिस्थितीतही त्याला थोडं बरं वाटलेलं दिसलं.

ताई मात्र गर्दीतल्या एका बाईकडे बघत होती. ती पेटीवर बसली होती, एक हात पोटाखाली, ओठ घट्ट मिटलेले. शेजारी तिचा नवरा फॅन धरून उभा होता. बालाजी त्याचं नाव, ती कांता. दोघं परभणीकडचे. पोराचा जन्म व्हायच्या आत रूम मिळावी म्हणून बोर्ड वाचून आले होते. ताई तिच्याशी दोन वाक्यं बोलली, पोटावर हात ठेवला आणि सरळ डॉक्टरकडे आली.

"साहेब, किल्ली."

"सिस्टर, अॅम्ब्युलन्स बोलवा ना. शहरात..."

"कुठून नेणार? मॅडम आहेत त्याच चौकातून?"

"फरशी आत्ताच पुसलीय हो," डॉक्टर म्हणाला. मग त्याने स्वतःचं वाक्य ऐकलं असावं. कानापर्यंत लाल झाला आणि खिशातून किल्ली काढून त्यानेच धावत जाऊन कुलूप उघडलं.

मी बाहेर बसलो होतो. आतून येणारा कांताचा आवाज ऐकून शेगडीवाल्याने शेगडी खाली ठेवली आणि कुणीही रूमचं नाव काढेना. मला तेव्हा खरंच भीती वाटली, ताईसाठी आणि त्या अनोळखी बाईसाठीही. बबनमामा त्या यादीवाल्या ठेकेदाराला उगाच हात धुण्याच्या पायऱ्या शिकवत होते.

बाळ रडलं आणि त्याच सुमाराला फाटकात जीप शिरली.

मॅडम घामाघूम झाल्या होत्या. वळकट्या, पेट्या आणि टेबल फॅन पाहून त्या म्हणाल्या, "एवढी ओपीडी?" डॉक्टर पुढे झाला. चोरी पकडली गेल्यासारख्या आवाजात म्हणाला, "मॅडम, माफ करा, लेबर रूम वापरात आहे."

आत पिवळा डबा भरला होता, फरशीवर डाग होते, ताईच्या अंगावरचा एप्रन बघवत नव्हता. मॅडम बराच वेळ निरखत राहिल्या. बाळ आईच्या छातीशी होतं, तेही त्यांनी नीट पाहिलं. बाहेर येऊन त्यांनी बालाजीला विचारलं, "तुम्हाला या केंद्राची माहिती कुठून मिळाली?"

"बोर्ड वाचून."

मॅडम खूश झाल्या. "वाचून काय वाटलं?"

"बरं वाटलं जी," बालाजी म्हणाला. "लेबरसाठी येवढं कोन करतंय?"

मॅडमनी ते लिहून घेतलं. डॉक्टर छताकडे बघत राहिला.

मग त्यांनी लेबर रूमचे आदल्या दिवशीचे फोटो मागितले. माझ्याकडे होते कुलपाचे. मी बोर्डाचा दाखवला. त्यांनी तो वाचला, बाहेरच्या वळकट्यांकडे पाहिलं, पुन्हा वाचला. मी चेहरा झाकून खोकलो. त्या हसल्या की नाही, ते मला सांगता येणार नाही, पण चहा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

परतताना चौकात पुन्हा अडकलो, तो तपशील देत नाही. काळेवाडीला पोचून बॅग उघडली तर केळ्याची साल काळी पडून लेन्सला चिकटली होती. लेन्स अजून नीट साफ झालेली नाही. फोटोत कोपऱ्यात धूसर दिसलं तर समजून घ्या.

काही आठवड्यांनी निकाल आला. केंद्र पास झालं, अगदी काठावर. शेरा एकच ठळक होता: फलकावरील शब्द बदलावा. आता तिथे प्रसूती कक्ष लिहिलंय, त्यातला क्ष पेंटरने चुकवलाय. खोली उघडी असते आणि फरशीवर डाग पडतात.

परवा ताईचा फोन आला होता. चाळींमधल्या, पत्र्याच्या खोल्यांमधल्या कामगारांच्या बायका आता केंद्रात यायला लागल्यात. इतकी वर्षं त्या यायच्या नाहीत. दवाखाना गाववाल्यांचा, आपल्याला कोण विचारणार, असं त्यांना वाटायचं. बालाजीने खोल्याखोल्यांतून सांगितलंय, की गावात लेबरच्या बायकांसाठी सरकारने वेगळी रूम काढलीय.

"काल एक आली," ताई म्हणाली. "नववा लागलाय, एकदाही तपासलेली नाही. दारातच उभी राहिली आणि विचारते, बाई, लेबरची रूम हीच का? आमी बी लेबरच हाव."

"मग तू समजावलंस का?"

"नाही," ताई म्हणाली. "मी म्हटलं हीच, आत ये."