अभिमन आबांचे डोंगळे

साक्री तालुक्यात अभिमन आबांचा हात न लागलेली संस्था शोधावी लागते. दूध संस्था, पाणीवापर संस्था, विकास सोसायटी, सगळीकडे ते एकदा तरी चेअरमन होऊन गेलेत. सल्ला द्यायला मात्र अजून चालू आहेत.

बाजारचं कांद्याचं बी दोनदा फसलं, म्हणून यंदा त्यांनी बियाण्यासाठी डोंगळे लावले, म्हणजे कांदेच पुरून त्यांना फुलोरा येऊ दिला. बी घरचंच धरणार, असं चार गावांत सांगूनही ठेवलं. पांढरे गोंडे फुलू लागले आणि नातवाचं जावळ आलं. घरची रीत अशी, की जावळ शेतातल्या निंबाखाली, देवाच्या दगडापुढं, बोकडाच्या जेवणासकट. निंबावर आग्या मोहोळ, खाली मटणाची चूल. धूर वर गेला, माशा खाली आल्या. बाळाला मामानं उपरण्यात गुंडाळून पळवलं. व्याही मानाच्या जागेवरून उठावं की नाही या विचारात राहिले आणि पुरीसारखे फुगले.

व्याह्यांचा अपमान आबा कसा सोसतील? दुसऱ्याच दिवशी मोहोळ जाळून त्यांनी व्याह्यांना फोटो पाठवला.

पुढं आधी फुललेले गोंडे वाळले. चोळले, तर तळहातावर नुसता भुसा. आबांनी खताला नावं ठेवली, मग पाण्याला. सून दिपमाला शाळेत विज्ञान शिकवते. तिनं सांगितलं, या फुलाचे पराग त्या फुलावर माशाच नेतात. माशा गेल्या, बी गेलं. याला परिसंस्था म्हणतात.

नवी संस्था ऐकून आबा ताठ बसले. "तिना चेअरमन कोन शे?"

"कोनीच नही, आबा. बठ्ठा आपआपलं काम करतस. एक गया का बठ्ठासनं अडी जास."

चेअरमनशिवाय काही चालतं, हे आबांना पटलं नाही. पण अजून बरेच गोंडे फुलायचे होते. सकाळी धोतराचा मऊ तुकडा हाताला गुंडाळून ते डोंगळ्यांत शिरले आणि एकेक गोंडा कुरवाळत निघाले.

त्यांची बायको भागाबाई बांधावरून बघत होती. "मन्हा डोकावर कधी असा हात फिराया नही," ती म्हणाली.

आबांनी तिलाही एक तुकडा दिला. व्याह्यांनाही बोलावणं गेलं. त्यांना नेमकं त्याच आठवड्यात काम निघालं. कुठूनशी एखादी माशी आली, की आबा तेवढी ओळ तिला सोडून शेजारची धरत.

बी निघालं ते अर्ध्या रानापुरतं. उरलेल्यासाठी आबा बाजाराला गेले, चारही गावांना वळसा घालून.