लाखेतला अंगठा

ही गोष्ट सांगायची मी अकरा वर्षं टाळली. शमुवेल मास्तर गेला त्याला आता दीड महिना झाला. बातमी मला संगमनेरच्या एका गिऱ्हाइकाने फोनवर दिली. मास्तरच्या घरून त्याला आधी कळलं आणि मला नंतर… खरं सांगतो, मित्र गेल्याच्या दुःखाआधी मला उशिरा कळल्याचाच राग आला. इथूनच सुरुवात केलेली बरी, म्हणजे पुढचं समजेल.

नगरला आमचं बंदुका दुरुस्तीचं दुकान वडिलांपासूनचं. शमुवेल माझा शाळासोबती. सोनईला मास्तरकी करून तो निवृत्त झाला आणि रोज दुकानात येऊन बसू लागला. जुन्या बंदुका आधी कुणाकुणाच्या होत्या हे शोधायचा नाद त्याला तिथेच लागला. बंदूक हातात आली की मी खटका पाहायचो, नळीतून उजेड पाहायचो. तो मागचा लाकडी दस्ता पाहायचा. नक्षीच्या खाचांत दसऱ्याच्या पूजेची हळद साचलीय का, गाल टेकून टेकून लाकूड कुठल्या अंगाला झिजलंय… मग जुने परवाने पाहून गावोगाव हिंडायचा. मी मात्र बंदूक आली की आधी तेलाने घासून लख्ख करायचो. त्यावर तो चिडायचा. “मी बघीपर्यंत हात लावू नगंस रंगू. तू बंदूक धुतोस अन् माझी मानसं वाहून जात्यात.”

त्या संगमनेरच्या गिऱ्हाइकाचंच उदाहरण देतो. म्हातारा दुनळी घेऊन आला होता. म्हणाला, “ही आमच्या आज्याची, का मागनं कुणी घेतलेली, घरात कुनालाच म्हाईत न्हाई.” मास्तरने दस्त्यावरून बोट फिरवलं. “उजव्या अंगाला झिजलीय. आजा डावरा हुता का?” म्हातारा उभाच राहिला. “व्हय की! जेवायचाबी डाव्या हातानं, आजी लई बोलायची त्याला!” आणि तो मास्तरच्या पायाशी वाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “खटका बसला का वो?”

माझ्या दुकानात लोक येऊन “मास्तर आलेत का?” असं विचारू लागले. एका पुरवणीत त्याचा फोटो आला, माझ्याच स्टुलावर बसून, माझ्याच गिऱ्हाइकाची बंदूक मांडीवर घेतलेला. मागे दुकानाची पाटी अर्धी कापली गेली होती. तो अंक मी कुणाला दाखवला नाही. त्याने आठ प्रती घेतल्या आणि त्यातली एक मला दिली.

इतरांच्या बंदुका शोधता शोधता तो खरी एकच बंदूक शोधत होता. त्याच्या आजोबांची एकनळी, रानडुकरं हाकायला घेतलेली. पुढे ती विकली गेली आणि हातोहात कुठे गेली ते कळलं नाही. एकदा ती पडून दस्त्याला भेग गेली होती, तेव्हा त्याच्या आजीने, साराबाईने, ती लाखेने भरली. खुरप्याच्या मुठी ती लाखेनेच बसवायची. लाख ऊन असताना तिने अंगठ्याने दाबली आणि ठसा तसाच राहिला. साराबाईचा फोटो नाही, कबरीवरचा दगडही वाहून गेलेला. “आजीचं तेवडंच ऱ्हायलंय रंगू,” तो म्हणायचा, “कुठंतरी एका बंदुकीवर.”

ती बंदूक माझ्याकडे आली. तिसगावकडच्या एका शेतकऱ्याने आणली, दस्ता हलतो म्हणून. मास्तर तेव्हा आठवडाभर लेकीकडे गेला होता. काळी पडलेली लाख आणि तिच्यात बारीक रेषांचा छोटा अंगठा… मी पाहिल्याबरोबर ओळखलं. फोन हाताशी होता. पण डोळ्यांसमोर पुढचं सगळं आलं, पुन्हा फोटो, पुन्हा गर्दी आणि पुन्हा अर्धी पाटी. मी पटाशी घेतली. लाख उकरली. ठशाचा तुकडा अखंड निघून तळहातावर पडला. तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी तो सरस तापवायच्या शेगडीत टाकला आणि भेगेत नवं लाकूड बसवून बंदूक लख्ख केली. आयुष्यात इतकं सुबक काम मी दुसरं केलेलं नाही.

मास्तर परतला तेव्हा बंदूक अजून दुकानातच होती. त्याने ती बराच वेळ हातात धरली.

“भेग हुती का हिला?”

“किरकोळ होती.”

“कशानं भरलेली?”

“कशानेच नाही. उघडीच होती.”

त्याने वही काढली, बंदुकीचा नंबर लिहिला आणि पुढे फुली मारली. त्याच्या लेकीने आता त्या वह्या जपून ठेवल्या आहेत. बाई, ती फुली चुकीची आहे. तिसगावची एकनळी तुमच्या पणजीच्याच घरातली. तिच्यावर आता काही सापडणार नाही, पण बंदूक तीच.

मास्तरला भेटायला मी शेवटचा गेलो तो हे सांगायचंच ठरवून. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. लेक चहा ठेवायला आत गेली. मी म्हणालो, “शमुवेल, ती तिसगावची एकनळी…”

त्याचा चेहरा उजळला. “व्हय, ध्यानात हाय. आमची नव्हती ती. पन काय काम केलं हुतंस रंगू! जोड कुठं हाय ते बोटाला लागंना. म्या तवाच म्हनलो, असा हात जिल्ह्यात न्हाई. तुला बोलायचं ऱ्हाऊन गेलं बघ.”

इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी जळलो, ते त्याने असं सहज उचलून माझ्या हातात ठेवलं. मी तोंड उघडलं. माफ कर, हे दोनच शब्द होते…

“अक्रोडाचं लाकूड मिळालं होतं तेव्हा,” मी म्हणालो, “त्यामुळे जमलं.”