बाई न्यायला येतात

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत गवार निवडत होते. त्यांची सून एवढंच म्हणाली, "आई सकाळी गेल्या..." हातातली गवार तिथेच टाकून मी निघाले. रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. पुढे त्या मुख्याध्यापिका झाल्या. जूनमध्ये शाळा उघडली की कुंदाताई मागच्या वस्तीत शिरायच्या आणि शाळेच्या वयाचं जे पोर दिसेल त्याचा हात धरून घेऊन यायच्या. आई धुण्याभांड्याला गेलेली असली तर शेजारीण पोराला न्हाऊ-माखू घालून दारात उभं करायची. नाव घालायला आपणहून कोणी येत नसे. बाई न्यायला येतात, मग आपण कशाला जायचं? मी कुरकुर करायचे, अहो, जरा स्वतः यायची सवय लावा ह्यांना. त्या म्हणायच्या, "ह्यांना दारातून परत पाठवणारे पुष्कळ आहेत. शाळेने तरी घ्यायला जावं."

कुंदाताई निवृत्त झाल्या आणि पट घटल्याचं कारण सांगून शाळा एका खाजगी संस्थेला चालवायला दिली गेली. भिंतींना रंग लागला, फाटकावर रखवालदार आला. त्या जूनमध्येही ताई सवयीने पोरं घेऊन गेल्याच. तिथला व्यवस्थापक मोठ्या अदबीने म्हणाला, आधी पालकांशी इंग्रजीत जरा गप्पा होतील, मग बघू. साड्यांना फॉल लावणारी नसीम आपल्या थोरलीला घेऊन आत गेली आणि खाली मान घालून बाहेर आली. ताई त्याला म्हणाल्या, "इतकी वर्षं ह्या शाळेत यायला फक्त सहा वर्षांचं व्हावं लागायचं. आता आईनेही पास व्हायचं का?" तो नुसता हसला. हसायला काय जातं!

मग ताईंनी त्या पोरांची नावं लांबच्या पालिका शाळेत घातली. सकाळी बसने स्वतः सोडायला जायच्या, गुडघे धरून. पुढे आजारपणात मुलगा त्यांना कात्रजला घेऊन गेला, आणि इकडे एकेकाची शाळा थांबली. नसीमची थोरली आता आईशेजारी बसून फॉल लावते.

शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर परवा मी वस्तीत गेले. नसीमची धाकटी आलिया केसांना तेल, अंगात नवा फ्रॉक अशी उंबऱ्यावर बसलेली. नसीम म्हणाली, "रोज तयार करून बसवते. बऱ्या झाल्या की बाई येतील ना न्यायला..." ताई गेल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. ती आलियाशेजारी उंबऱ्यावर टेकली.

मी शाळेतली बाई आहे एवढंच आलियाला कळलं असावं. तिने चपला घातल्या आणि माझा हात धरला. गल्लीतून बाहेर आलो तर समोर आमची शाळा, आत प्रार्थना चाललेली. आलिया फाटकाकडे वळली. मी हात ओढला तशी ती म्हणाली, "शाळा तर ही आहे ना?"

मी तिला तशीच बसस्टॉपकडे नेली.